वाचकांचे प्रश्न : आपली इच्छा आणि देवाची आज्ञा

प्रश्न : वडिलांच्या पश्चात वाटणीच्या वेळी मी धाकट्या भावाकडून थोडे जास्तच घेतले. आता मन खाते. तेवढी रक्कम मी मंडळीच्या (चर्चच्या) कामासाठी अर्पण केली तर चालेल का?

उत्तर : तुमचे मन खाते आहे, ही देवाची कृपाच समजा. पण ही रक्कम तुमची नाही, भावाची आहे. दुसऱ्याच्या पैशातून अर्पण कसे देणार?

बायबलमधील 1 शमुवेल 15 हा अध्याय सावकाश वाचा. अमालेकी या शत्रूंची लूट ठेवायची नाही, अशी इस्राएलाच्या शौल राजाला देवाची स्पष्ट आज्ञा होती. त्याने निवडक मेंढरे आणि गुरे राखून ठेवली, वाटेत कर्मेल येथे स्वतःचे स्मारक उभारले आणि शमुवेल संदेष्टा समोर येताच म्हणाला, मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. शमुवेलाने एवढेच विचारले, मग मेंढरांचे हे बेंबावणे माझ्या कानी पडते आहे ते काय? त्यावर शौलाचे उत्तर तयार होते : लोकांनी ती यज्ञासाठी राखली आहेत. या उत्तराने मी दरवेळी अस्वस्थ होतो, कारण त्यात सरळसरळ बंडखोरी कुठेच नाही. हाव आहे आणि तिला भक्तीचे नाव दिले आहे. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, हे शमुवेलाचे सुप्रसिद्ध वचन नेमके याच सबबीला दिलेले उत्तर आहे. पुढे शौलाने खरे कारणही सांगितले : मी लोकांना भ्यालो.

तुम्हाला कोणाची भीती वाटते? भावापुढे मान खाली घालावी लागेल याची? अर्पण दिले की चारचौघांत नाव होते. भावाच्या दारात मात्र फक्त कबुली द्यावी लागते. प्रभू येशूने मत्तय 5:23-24 मध्ये क्रम ठरवून दिला आहे : अर्पण वेदीपुढेच राहू दे, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. जक्कय या जकातदारानेही, कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत देतो, असे म्हटले ते ज्यांचे घेतले होते त्यांच्याविषयी. भावाला फोन करू नका, प्रत्यक्ष जा. आकडा स्वतःच्या तोंडाने सांगा. “तेव्हा परिस्थितीच तशी होती” हे वाक्य घरीच ठेवून जा.

प्रश्न : परगावी चांगली नोकरी मिळते आहे, पण आई आजारी असते. मला जावेसे वाटते. ही इच्छा स्वार्थी आहे का?

उत्तर : जावेसे वाटणे हे पाप नव्हे. गेथशेमाने बागेत प्रभूनेही स्वतःची इच्छा पित्यापुढे उघड मांडली : शक्य असेल तर हा दुःखाचा प्याला टळून जावो. मात्र तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असेही तो म्हणाला. तेव्हा तुमची प्रार्थना तपासून पाहा. देवाने “नाही” म्हटले तर ते ऐकायची तयारी आहे, की होकारासाठीच गुडघे टेकले आहेत?

मार्क 7 मध्ये येशूने काही धार्मिक लोकांना कडक शब्दांत सुनावले आहे. आईबापांना जे द्यायचे ते देवाला वाहिले आहे, म्हणजे “कुर्बान” आहे, असे सांगून ते जबाबदारीतून मोकळे होत. “देवानेच दार उघडले” असे म्हणून आपणही तसेच सुटू शकतो. तिची औषधे कोण पाहील, रात्री सोबत कोण असेल, याची खरीखुरी सोय होत असेल तर खुशाल जा. होत नसेल, तर आज्ञा तुम्हाला आधीच ठाऊक आहे. आणि हे सगळे आईला विचारले आहे का? पत्रात तसा उल्लेख दिसत नाही.

प्रश्न : सासूबाईंची सेवा करते, पण मनातून चिडचिड होते. हे ढोंगच ना?

उत्तर : नाही, ताई. मत्तय 21 मधील दोन मुलांचा दाखला आठवा. एक “नाही” म्हणाला, पण नंतर पस्तावून द्राक्षमळ्यात गेला. दुसरा “जातो महाराज” म्हणाला आणि गेलाच नाही. बापाच्या इच्छेप्रमाणे पहिल्याने केले. मन नंतर वळले तरी चालते. चिडचिड लपवू नका, देवाला मोकळेपणाने सांगा; स्तोत्रकर्त्यांनी याहून कडू गोष्टी त्याच्यापुढे मांडल्या आहेत. आणि दमला असाल तर घरातल्या इतरांना कामाला लावा. एकटीने झिजत राहावे, अशी आज्ञा कुठेही नाही.

प्रश्न : आमचे पुढारी म्हणतात, माझे ऐकणे म्हणजेच देवाचे ऐकणे. खरे का?

उत्तर : नाही. पाळकांचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांचा, मान राखावा, पण कळपावर धनीपणा करू नये, असे 1 पेत्र 5:3 त्यांनाच बजावते. सांगितलेली गोष्ट वचनाविरुद्ध असेल तर प्रेषितांची कृत्ये 5:29 पाहा : माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.

प्रश्न : तेच पाप पुन्हा पुन्हा होते. प्रार्थनेला बसायचीही लाज वाटते.

उत्तर : आजच बसा. 1 योहान 1:9 मध्ये क्षमेचे अभिवचन आहे, आणि ते मंडळीतल्या विश्वासणाऱ्यांनाच लिहिले आहे. फिलिप्पैकरांस पत्र 2:13 सांगते की इच्छा करणे आणि कृती करणे, दोन्ही देवच आपल्या ठायी साधून देतो. म्हणून इच्छाच उरली नसेल तर तीही त्याच्याकडे मागा. शिवाय एका विश्वासू, प्रौढ विश्वासणाऱ्याला ते पाप नेमके कोणते, हे स्पष्ट सांगा, “माझ्यासाठी प्रार्थना करा” एवढ्यावर थांबू नका. पाप कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी घडते ते त्यांना सांगा आणि त्या वेळी एकटे राहू नका.