पिळलेली कंबर आणि फ्रीजमधली मैत्रीण

प्रश्न : माझी मुलगी सुपरहिरोंची चित्रं काढते. पुरुष जमतात, पण कॉमिकमधली नायिका पाहून काढली की ती कमरेत मोडल्यासारखी दिसते. हात बसला नाही का? (वाचक, सांगली)

हात बसलाय, मूळ चित्रच मोडकं आहे. छाती आणि नितंब दोन्ही एकदम वाचकाकडे वळवायचे तर धड ९० अंशांहून जास्त पिळावं लागतं. कणा एका बाजूला वळतो साधारण ४५ अंश, तेही बहुतेक बरगड्यांच्या भागात. कमरेच्या वाट्याला जेमतेम ५ ते १०. उरलेली तूट चित्रकार कंबर बारीक आणि लांब करून लपवतो. मुलीने ती इमानेइतबारे उतरवली, एवढंच.

तिला आधी दोन खोकी काढायला सांगा, एक बरगड्यांचं, एक कटिभागाचं, आणि दोन्हींवर मधोमध उभी रेघ. दोन्ही रेघांच्या दिशांत अर्ध्या काटकोनाहून जास्त फरक दिसला तर तिथेच खोडायचं. सुपरहिरो ८ डोकी उंच, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या आठपट उंच, काढतात; स्त्रीलाही तेच माप लावा आणि जांघ मध्यावर, चौथ्या डोक्याशी ठेवा. वाढीव उंची नुसत्या पायांत घातली की बाहुली होते. पोशाखासाठी २०१४ची बॅटगर्ल बघा: चामड्याचं जॅकेट, टिचबटणांनी लावलेली केप, सपाट तळाचे पिवळे बूट. उंच टाचांवर गच्चीवरून उडी मारली तर आधी घोटाच जाईल!

शंका असेल तर त्याच पोझमध्ये पुरुष काढा. २०१२मध्ये चाहत्यांनी हॉकआय या धनुर्धारी सुपरहिरोला असंच नायिकांच्या पोझमध्ये बसवलं होतं. हसू आलं, तर पोझ टाकून द्यायची.

प्रश्न : स्त्रीपात्र मेलं की 'फ्रीजमध्ये घातलं' असं का म्हणतात? मग मरण दाखवायचंच नाही का? (वाचक, नाशिक)

१९९४च्या 'ग्रीन लँटर्न' या कॉमिकच्या ५४व्या अंकात नायकाला त्याच्या मैत्रिणीचं प्रेत फ्रीजमध्ये सापडतं. १९९९मध्ये कॉमिकलेखिका गेल सिमोन यांनी अशा मारलेल्या, जायबंदी केलेल्या स्त्रीपात्रांची यादीच मांडली आणि नाव चिकटलं. मरण खुशाल दाखवा. फक्त पुढची दहा पानं कोणाची आहेत ते मोजा. सगळी नायकाच्या सुडाची असतील, तर ती बाई पात्र नव्हतीच, निमित्त होती.

बार्बरा गॉर्डनला, म्हणजे बॅटगर्लला, १९८८मध्ये जोकरने गोळी घातली, ती मुख्यतः वडिलांना छळण्यासाठी. पुढच्याच वर्षी लेखक किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांनी तिला 'ओरॅकल' केलं. २०११मध्ये ती पुन्हा बॅटगर्ल होईपर्यंत व्हीलचेअरवरून, संगणकापुढे बसून बाकीच्या नायकांना माहिती पुरवायची, आणि तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नसे.