अमेरिकन गेम शोमधल्या कोणत्या अनाउन्सरचा आवाज सर्वात लक्षात राहण्यासारखा आहे? आणि आपल्याकडे असे आवाज का नाहीत?

जॉनी ओल्सन. 'द प्राइस इज राइट'वाला. दुसरा क्रमांक कोणाला द्यायचा यावर मी घासाघीस करेन, पहिल्यावर नाही.

आधी एक खुलासा, कारण या दोघांची गल्लत होते. अनाउन्सर म्हणजे सूत्रसंचालक नव्हे. सूट घालून स्पर्धकांशी गप्पा मारणारा बॉब बार्कर हा सूत्रसंचालक. ओल्सन बाजूला माइकपाशी उभा. नावं पुकारायची, बक्षिसांची वर्णनं करायची, शेवटी प्रायोजकांची यादी एका दमात म्हणायची, ही त्याची दिसणारी, म्हणजे ऐकू येणारी, कामं. न दिसणारं काम याहून मोठं होतं: कॅमेरे सुरू होण्याआधी स्टुडिओतल्या प्रेक्षकांना तापवायचं. ओल्सन त्यांच्यात फिरायचा, नाचायचा, गायचा, आज्यांची चेष्टामस्करी करायचा. बार्कर मंचावर यायचा तेव्हा सगळे आधीच आनंदाने वेडे झालेले असायचे. बार्करचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे, पण त्याला दर वेळी आयती उकळलेली सभा मिळायची हेही खरं.

हा कार्यक्रम ४ सप्टेंबर १९७२ला सीबीएस वाहिनीवर नव्या रूपात सुरू झाला. खेळ सोपा. वस्तू दाखवतात, तिची किंमत ओळखायची. खऱ्या किमतीच्या वर न जाता जो सर्वात जवळ पोचेल तो पुढच्या खेळाला. स्पर्धक प्रेक्षकांमधूनच उचललेले. निर्माते बाहेर रांगेतच सगळ्यांशी दोन वाक्यं बोलून निवड करतात, पण नाव पुकारलं जाईपर्यंत निवडलेल्याला पत्ता नसतो. ओल्सन पूर्ण नाव घ्यायचा आणि म्हणायचा, 'कम ऑन डाउन!' अर्थ इतकाच, की या खाली. पण हे तीन शब्द अमेरिकेत लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहेत.

गंमत म्हणजे स्टुडिओत ते नाव बहुतेकदा कोणाला धड ऐकूच येत नाही. आरडाओरडा इतका असतो, की मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेला पुठ्ठा हातात धरून एक माणूस समोर उभा करावा लागतो. स्पर्धक स्वतःचं नाव वाचतो, शेजारचा त्याला ढोसतो, आणि मग तो उड्या मारत जिना उतरतो. म्हणजे ती जगप्रसिद्ध हाक जिला मारली तिच्यासाठी नव्हतीच. ती घरी सोफ्यावर बसलेल्यांसाठी होती. ओल्सनला हे पक्कं कळलेलं असावं. त्याचा आवाज खर्जातला नाही, भारदस्त तर मुळीच नाही. वरच्या पट्टीतला, हसू दाबून बोलल्यासारखा. बातमी तुमची आहे आणि आनंद त्याला झालाय, असं वाटतं.

बक्षिसाचं वर्णन हा तर स्वतंत्र कसबाचा भाग. दार सरकतं, अनाउन्सर ओरडतो, 'इट्स अ न्यू काऽऽर!' आणि स्टुडिओ कोसळतो. आता खरी पंचाईत, कारण ज्या ओळींसाठी कंपनीने गाडी किंवा पैसे दिलेत त्या अजून वाचायच्याच आहेत: गाडीचं नाव, मॉडेल, काय काय जोडलंय. त्या यादीत 'कॅलिफोर्निया एमिशन' हमखास असायचं, म्हणजे त्या राज्याच्या धुराच्या नियमांत बसणारी यंत्रणा. ऐकायला रटाळ, पण किंमत ओळखायची तर हिशोबात धरावंच लागणार. ओल्सन त्या किंकाळ्यांशी झटापट करत नसे. एक पायरी वर चढून त्यांच्यावरून वाचत जायचा, आणि गाडी दाखवणाऱ्या मॉडेल मुलीचा हात बॉनेटवरून फिरून थांबेपर्यंत वाक्य संपवायचा. जाहिरातीचा मजकूर वाचतोय असं एकदाही जाणवत नाही. यूट्यूबवर जुने भाग आहेत, डोळे मिटून ऐका.

शेवटची ती प्रायोजकांची भरभर यादी मात्र हौसेची नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्विझ शोमध्ये उत्तरं आधी पुरवून विजेते ठरवले जात असल्याचं उघडकीला आलं, काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, सुनावण्या झाल्या आणि १९६०मध्ये असली लबाडी कायद्याने गुन्हा ठरली. कोणी काय दिलं, कशाच्या बदल्यात दिलं, हे प्रेक्षकांना सांगण्याचं बंधनही कायद्यातलंच. म्हणून ती यादी, आणि म्हणून तो वेग.

ओल्सनला मी त्याच्या काळात कधीच पाहिलं नाही. तो १९८५च्या ऑक्टोबरमध्ये गेला, मी त्याला जुन्या भागांतून ओळखते. माझ्या वाट्याला आला रॉड रॉडी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत आले, एच-४ व्हिसावर. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, आणि सकाळी अकराला टीव्हीवर हा माणूस. सूपचा डबा, भांड्यांचा साबण, कार्पेट साफ करायची पावडर, सगळ्यांची तो अशी वर्णनं करायचा, की दुकानात पाय ठेवण्याआधी मला निम्म्या ब्रँडची नावं आणि किमती तोंडपाठ होत्या. माझ्या इंग्रजीला 'फॅब्युलस' हा शब्द त्यानेच लावला, अजून सुटलेला नाही. त्याचा आवाज ओल्सनपेक्षा कर्कश, जत्रेत 'हर एक माल' ओरडणाऱ्याच्या जातीचा. कपडेही तसेच, चमचमणारी, टिकल्यांची जाकिटं. ओल्सनच्या जागी बऱ्याच जणांना आजमावून शेवटी त्याला घेतलं होतं. आतड्याचा कर्करोग झाल्यावर त्याने ते लपवलं नाही, वेळेवर तपासणी करून घ्या म्हणून लोकांना सांगत राहिला. २००३मध्ये तो गेला. त्यानंतर मी हा कार्यक्रम फारसा पाहिला नाही.

आता दुसरा क्रमांक. डॉन पार्डो की जॉनी गिल्बर्ट? पार्डोचा आवाज घुमणारा, घंटेसारखा. 'प्राइस इज राइट'च्या १९५०च्या दशकातल्या जुन्या आवृत्तीत तोच होता, मग १९६४ ते १९७५ 'जेपर्डी' हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम, आणि त्यानंतर 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा विनोदी कार्यक्रम, थेट २०१४पर्यंत, वयाच्या ९६व्या वर्षापर्यंत. राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्याची पहिली बातमी एनबीसीच्या न्यूयॉर्क वाहिनीवर वाचणाराही हाच. बक्षीस मिळालेल्या फ्रिजचं वर्णन करणाऱ्या गळ्याने ती बातमी सांगितली, हे मला अजूनही विचित्र वाटतं.

गिल्बर्ट १९८४पासून 'जेपर्डी'त आहे आणि २०२४मध्ये त्याने शंभरी गाठली. 'धिस... इज... जेपर्डी!' यातल्या दोन विरामांवर त्याची अख्खी कीर्ती उभी आहे. स्पर्धकांची ओळख करून देताना तो आधी व्यवसाय, मग गाव आणि सर्वात शेवटी नाव घेतो, त्यामुळे नावाला वजन येतं. एखादं लांबलचक भारतीय आडनाव आलं की मी कान टवकारून बसते. तर माझा दुसरा क्रमांक गिल्बर्टला, पार्डोची क्षमा मागून. 'फॅमिली फ्यूड'चा जीन वुड आणि 'व्हील ऑफ फॉर्च्यून'चा चार्ली ओ'डॉनेल हेही मोठेच, पण त्यांच्याबद्दल मला वेगळं काही सांगायचं नाही.

आपल्याकडे असे आवाज का नाहीत? कारण आपण ती जागाच ठेवली नाही. २०००मध्ये 'कौन बनेगा करोडपती' आला तो ब्रिटिश कार्यक्रमावरून, तिथेही सगळा भार सूत्रसंचालकावर. त्यात समोर अमिताभ बच्चन असताना पडद्याआड आणखी एक आवाज कशाला हवा? मराठीत 'होम मिनिस्टर' घ्या. वहिनींना बोलतं करायचं, खेळ समजावायचा, पैठणी द्यायची, सगळं आदेश बांदेकरच. ओल्सन आणि बार्कर दोघांची कामं एकाच माणसाकडे, आणि स्टुडिओऐवजी कोणाच्या तरी दिवाणखान्यात. तिथे बाजूला माइक घेऊन उभा राहायला अनाउन्सरला जागा तरी कुठे मिळणार?

अपवाद एकच सुचतो: 'बिग बॉस'. मराठी 'बिग बॉस'मध्ये रत्नाकर तारदाळकर यांचा चेहरा दिसत नाही, पण त्यांचा आवाज ऐकून घरातली माणसं सोफ्यावर सावरून बसतात. त्या आवाजाला गाडी विकायची नसते, घरातल्यांना दटावायचं असतं, त्यामुळे ओल्सनशी त्याची तुलना होईलच असं नाही. आणि 'बिग बॉस'ला गेम शो म्हणायचं की नाही, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.