स्वप्नातली विहीर

परवा तू विचारलंस, कुणाच्या स्वप्नात विहीर दिसली तर अर्थ काय लावायचा? आधी तो प्रतीकांच्या अर्थांचा तक्ता बाजूला ठेव. विहीर म्हणजे अमुक, साप म्हणजे तमुक, असं पाठ करून माणूस कळत नाही.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक १८९९ च्या नोव्हेंबरात आलं. प्रतीकांचा भाग पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेला. पण त्यानंच बजावलंय, की स्वप्न पाहणाऱ्याला त्यावरून काय काय आठवतं ते आधी, प्रतीकांचं ज्ञान मदतीपुरतं. त्याचा अनुयायी अर्नेस्ट जोन्स, त्यानं १९१६ मध्ये अट आणखी कडक केली: जे मनात खोल दडपलं गेलंय, त्यालाच प्रतीक लागतं. म्हणजे साधी उपमा निराळी, प्रतीक निराळं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

यवतमाळकडच्या एका गावात एक बाई सांगायची, "बैल विहिरीत उतरून राह्यला, अन् माह्या हातून कासरा सुटून राह्यला." पुस्तकातला अर्थ मला लगेच सुचला होता. तरी गप्प बसलो. "कासरा कसा होता?" एवढंच विचारलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "नवा. पोळ्याले यायनंच आणला होता." मग रडली, आणि रडता रडता गेलेल्या नवऱ्यावरचा राग बाहेर आला. तो राग तिनं स्वतःशीही कबूल केला नव्हता.

विहिरीचा अर्थ सांगून बसलो असतो, तर कासरा राहूनच गेला असता.

वहीत स्वप्न सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरव. 'कासरा'चं 'दोरी' करू नकोस.