एफवाय मायक्रोबायोलॉजीला लागलास ना? मग हे ऐक

नाशिकचं कॉलेज, पदवी पुणे विद्यापीठाची. गाइड पाठ केलंस तर पास होशील, शिकणार नाहीस. सध्या दोनच गोष्टी धर.

१. प्रॅक्टिकल बुडवू नकोस. ग्रॅम स्टेनिंगमध्ये (जंतू रंगवून जांभळे की गुलाबी, असे दोन गट ओळखायची पद्धत) बहुतेकजण रंग उतरवायच्या अल्कोहोलपाशी फसतात. जास्त वेळ राहिलं की जांभळे दिसायला हवेत ते जंतूही गुलाबी दिसतात. मी दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसला, म्हणजे जांभळ्या गटातल्या जंतूला, खुशाल ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे गुलाबी गटातला, लिहून मोकळा झालो होतो! स्मिअर (काचेवर पसरलेला जंतूंचा थर) पातळ घे, नीट वाळू दे. अल्कोहोल थेंबथेंब सोड, रंग उतरायचा थांबला की लगेच पाणी.

२. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, त्याच दिवशी लिही.

केमिस्ट्री नकोशी वाटेल, तरी सोडू नकोस. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचं तंत्र) वगैरे राहू दे आत्ता. आणि हो, मायक्रोस्कोपची ऑइल इमर्शन लेन्स (तेलाचा थेंब घालून वापरायची ती) पुसल्याशिवाय उठू नकोस, लॅबचे मामा चेहरा विसरत नाहीत.