पॉपर बदलण्याआधी रीलवरची लाइन बघा

तुम्ही लिहिलंय की पहाटे मासे डोळ्यांदेखत उसळतात, पॉपरच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या नकली आमिषाच्या) मागे येतात आणि अगदी तोंडाशी येऊन वळतात. तर आता टॉपवॉटर, म्हणजे पाण्यावर चालणारी लुरं (नकली आमिषं), सोडून पाण्याखाली चालणारी घ्यावीत का? वाचून हसू आलं. ह्याच प्रश्नात मी एक अख्खा हंगाम घालवलाय.

पहाट-संध्याकाळ, सावली, संथ पाणी हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. मला एकच विचारायचंय: रीलवर लाइन कुठली आहे?

माझ्या रीलवर फ्लोरोकार्बन होती. नुसता लीडर (लाइनच्या टोकाला लुराआधी जोडतात तो तुकडा) नव्हे, पूर्ण स्पूल. विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता, "पाण्यात दिसतच नाही, सगळ्याला हीच लावा." अर्धं खरं होतं ते. फ्लोरोकार्बनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.४२, पाण्याच्या १.३३ च्या बराच जवळ, त्यामुळे ती नायलॉनपेक्षा कमी उठून दिसते. पण तिची घनता १.७८ च्या आसपास, म्हणजे ती बुडते. हे त्याने सांगितलं नाही. की त्यालाच ठाऊक नव्हतं, देव जाणे.

आता पॉपरचा सगळा खेळ त्याच्या खोलगट तोंडात असतो. तोंड पाण्याच्या रेषेवर असेल तर झटका दिल्यावर 'डुबुक्' होतं, तुषार उडतात. मग तुम्ही थांबता, आणि मासा बहुतेक वेळा त्या थांब्यावरच झडप घालतो. माझं काय व्हायचं, तर थांबलो की लांबवर पसरलेली लाइन हळूहळू खाली बसायची आणि पॉपरचं नाक सोबत खाली ओढायची. पुढच्या झटक्याला तो डुबुक् न करता मुकाट पाण्यात घुसायचा. मासा मागे यायचा, बघायचा, वळायचा.

मी काय केलं? रंग बदलले. आकार बदलले. शेवटी सगळा डबाच बदलून क्रँकबेट आणि लिपलेस ही पाण्याखालची लुरं घेतली. आणि लागले की मासे! लागणारच, पाण्याखालच्या लुराला बुडणारी लाइन सोयीचीच असते. झालं, माझी खात्री पटली की इथले मासे वर खातच नाहीत. निष्कर्ष साफ चुकीचा, वर त्याला हातात धडधडीत पुरावा. त्या हंगामात दोन-तीन नवख्यांना मी हेच ज्ञान वाटलं, त्याची अजून लाज वाटते.

उलगडा अपघाताने झाला. काठाच्या वळणावर मित्र उभा होता, माझा पॉपर नेमका त्याच्या पुढ्यात पडला. तो ओरडला, "अरे, हा बुडतोय की!" माझ्या जागेवरून, तेवढ्या अंतरावर, मला ते कधी दिसलंच नव्हतं.

तेव्हापासून टॉपवॉटरला ब्रेडेड लाइन. पॉलिथिलीनची घनता ०.९७, ती तरंगते. तिला पुढे हातभर जाडसर नायलॉनचा लीडर लावा, कारण ब्रेड मऊ असते आणि ढील मिळाली की पुढच्या ट्रेबलला (तीन काट्यांच्या गळाला) गुंडाळते. मोठ्या, जड लुराला आखूड फ्लोरो लीडर चालतो असं कुणीतरी सांगेलच. चालतो, मान्य आहे. छोट्या पॉपरला नको. दातवाला मासा असेल तर वायर लागतेच, पण ती बारीक आणि आखूड घ्या, नाहीतर तीही नाक खाली ओढते.

लाइन ठीक असेल आणि मासा झडप घालूनही लागत नसेल, तर दोष हाताचा. खळबळ दिसली की आपण रॉड खेचतो आणि लूर त्याच्या तोंडातून काढून घेतो. वजन जाणवेपर्यंत थांबायचं. सांगायला सोपं आहे, मला अजून दहातून चार वेळा जमत नाही.

आणि एक, मरळीच्या मागे असाल तर पाणी हललं म्हणजे ती खातेय असं धरू नका. मरळ हवेत श्वास घ्यायला वर येते. ती भूक नव्हे, दम घेणं आहे. पिल्लांच्या थव्यावर फ्रॉग (बेडकासारखं लूर) टाकून राखणीची मरळ काढणाऱ्यांबद्दल तर मी इथे काही लिहीत नाही, शिव्या पडतील तोंडून.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. तुमचं पाणी मी पाहिलेलं नाही. दाट पानांचा थर असेल तर पोकळ फ्रॉगला पर्याय नाही, तिथे उघडे ट्रेबल म्हणजे दिवसभर शेवाळ सोडवत बसणं. वारा सुटून लाटा उठल्या, पाणी गढूळलं किंवा गार पडलं, की मी वर वेळ घालवत नाही, स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं लूर) काढतो. गढुळात पात्याची थरथर माशाला जाणवते, आणि गारठ्यात मासाच वरपर्यंत यायला आळसतो. पाणी नितळ असेल आणि लाइन बदलूनही मासा मागे येऊन वळत असेल, तर मात्र तुमचा संशय बरोबर: वीतभर खाली चालणारं जर्कबेट घ्या. हुकलेल्या माशासाठी दुसरा रॉड तयार ठेवा, वजन न लावलेलं सॉफ्ट प्लास्टिक (मऊ प्लास्टिकचं आमिष) लगेच त्याच जागी सोडा. पॉपरला जेवढे लागले नसतील तेवढे मला ह्या दुसऱ्या फेकीला लागलेत.

पण आज काही विकत घेऊ नका. पॉपर लांब फेका, मनात दहा आकडे मोजेपर्यंत लाइन ढिली ठेवा आणि कुणाला तरी बाजूने बघायला उभं करा. नाक वर आहे की खाली, ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.