बोटीला पाण्याची पायरी कशी चढता येते?

प्रश्न : आमची मुलगी इंग्लंडमध्ये असते. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तिच्याकडे जाणार असून, कालव्यातून चालणारी बोट आठवडाभर भाड्याने घेण्याचा तिचा बेत आहे. वाटेतले ‘लॉक’ आपले आपणच उघडायचे असतात, असे ती म्हणते. लॉक म्हणजे काय? आणि आपल्या उजनीच्या कालव्यांतून अशा बोटी का चालत नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : लॉक किंवा जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबट हौद. चढताना बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि वरच्या अंगाची झडप हाताने फिरवून उघडायची. वरचे पाणी हौदात उतरते आणि त्याच्याबरोबर बोट उचलली जाते. पंप कुठेही लागत नाही. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत दरवाजा कितीही ढकलला तरी हलत नाही, त्यामुळे तिथे घाई करून काही साधत नाही.

खरी काळजी उतरताना घ्यावी. वरच्या दरवाज्याच्या आत पाण्याखाली एक पक्का उंबरठा असतो. पाणी ओसरताना बोटीची मागची बाजू त्यावर टेकली, तर पुढची बाजू खाली जात राहते आणि बोट बुडू शकते. भिंतीवर त्याची खूण केलेली असते. बोट तिच्या पुढेच ठेवावी, दोर गच्च न बांधता हातात धरावा, आणि बोट अडकल्याचे दिसताच खालच्या झडपा तत्काळ बंद कराव्यात. एकाने सुकाणूवरून हलू नये, हेही आम्ही आग्रहाने सांगू. डिव्हायझेसजवळच्या केन हिलला अशी २९ लॉक आहेत आणि त्यांतली १६ एकाच चढावर ओळीने आहेत. तो मार्ग निवडलात, तर पूर्ण दिवस राखून ठेवा.

आता उजनी. सिंचनाच्या कालव्यातून बोटी चालूच शकत नाहीत, असे नाही. गोदावरीच्या मुखाकडे आर्थर कॉटन यांनी धवळेश्वरम येथे बंधारा बांधला, तेव्हा तिथले कालवे शेती आणि नौका या दोहोंसाठी आखले गेले आणि त्यांत लॉकही बांधली गेली. आपले कालवे केवळ शेतीसाठी आहेत. त्यांना आवर्तनाने पाणी सुटते, म्हणजे मधल्या काळात बोट तळाच्या गाळातच बसेल. भीमा-सीना जोडकालव्याचे पाणी तर बोगद्यातून जाते. शिवाय इंग्लंडमधले अगदी अरुंद लॉकसुद्धा एका वेळेला सुमारे १ लाख लिटर पाणी खालच्या टप्प्यात सोडते. उसाच्या पाळीसाठी भांडणाऱ्या जिल्ह्यात हे पाणी बोटींसाठी मागणे आम्हांला तरी योग्य वाटत नाही. होडीची हौस उजनीच्या फुगवट्यावर भागवता येते. तिथेही जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय बसू नये.

पाण्याची ही अडचण इंग्लंडलाही चुकलेली नाही. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा बराच भाग पाण्याअभावी बंद ठेवावा लागला होता. म्हणून बोटीचे पैसे भरण्यापूर्वी, ठरवलेला मार्ग त्या आठवड्यात चालू आहे ना, एवढे मुलीला विचारून घ्यायला सांगा.