विमान कंपनी बुडाली, तिकिटाच्या पैशांचं काय?

प्रश्न : पुण्याहून दिल्लीला जायची सहा तिकिटं सात रस्त्याजवळच्या एजंटाकडून काढली. चारचे पैसे क्रेडिट कार्डाने दिले, दोनचे यूपीआयने. आता कंपनीने उड्डाणं थांबवून दिवाळखोरीचा अर्ज केलाय. एजंट म्हणतो, पैसे पुढे गेले. आम्ही कुणाला धरायचं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी बँकेला. कार्डाच्या चार तिकिटांसाठी आजच बँकेकडे 'सेवा मिळाली नाही' या कारणाने चार्जबॅक (कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत) मागा. बहुतेक कार्डांवर त्यासाठी प्रवासाच्या तारखेपासून सुमारे १२० दिवस मिळतात, पण थांबायचं कारण नाही. सोबत ई-तिकीट, उड्डाण रद्द झाल्याचा मेसेज आणि कार्डाचं स्टेटमेंट जोडा. स्टेटमेंटवर पैसे घेणाऱ्याचं नाव नीट वाचा. तिथे विमान कंपनीऐवजी एजंटाचं नाव असेल तर दावा एजंटावर लागतो आणि तो हरकत घेऊ शकतो. म्हणून त्याच्याकडून पैसे कंपनीला कधी भरले याचा कागद मागून ठेवा.

एक चूक मात्र करू नका. स्वतः वेबसाइटवर जाऊन तिकीट 'कॅन्सल' करू नका. तुम्ही रद्द केलं की ते तुमच्या मर्जीने झालं असं धरतात आणि चार्जबॅकचा दावा लंगडा पडतो. परताव्याऐवजी क्रेडिट शेल (पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम) देऊ केला तर तोही घेऊ नका. बंद कंपनीच्या क्रेडिटवर बसणार कुठल्या विमानात?

यूपीआयच्या दोन तिकिटांचं काम अवघड आहे, तिथे कार्डासारखा आधार नाही. स्वस्त कंपन्यांकडे एजंट आगाऊ रक्कम ठेवून त्यातून तिकिटं काढतात, त्यामुळे त्याचेही पैसे अडकलेले असू शकतात. रद्द झालेल्या तिकिटाची रक्कम त्याच्या खात्यात परत जमा झाली का, हे लेखी विचारा. झाली असेल तर ती तुमची आहे.

उरलेल्या रकमेसाठी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनीवर नेमल्या जाणाऱ्या अंतरिम व्यावसायिकाकडे (आयआरपी) दावा दाखल करा. एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) अर्ज स्वीकारला की जाहीर सूचना निघते, दाव्याची तारीख त्यातच असते. पीएनआर, पैसे भरल्याचा पुरावा आणि बँक खात्याचा तपशील लागतो. दावा करायला शुल्क नाही. या काळात कंपनीविरुद्धचे कोर्टातले खटले स्थगित असतात, म्हणून ग्राहक आयोगात कंपनीविरुद्धची तक्रार पुढे सरकत नाही. एजंटाने पैसे दाबले असतील तर त्याच्याविरुद्ध मात्र तक्रार करता येते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.

आशा किती ठेवायची, तेही सांगायला हवं. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, पुढे विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी. प्रवासी त्याही मागे. गो फर्स्टची उड्डाणं मे २०२३मध्ये थांबली, अवसायनाचा आदेश जानेवारी २०२५मध्ये आला. जेट एअरवेज एप्रिल २०१९मध्ये बंद पडली. सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला नोव्हेंबर २०२४मध्ये. म्हणूनच चार्जबॅकवर एवढा जोर देतो आहोत.

प्रश्न : मुलगी परदेशात आहे. परतीच्या तिकिटावर दोन कंपन्यांची नावं आहेत, त्यातली एक बंद पडली. तिकीट वाया गेलं का?
– होटगी रोड

उत्तर : लगेच तसं समजू नका. ई-तिकिटावर १३ आकडी तिकीट नंबर असतो. पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८. ती कंपनी चालू असेल तर दुसऱ्या विमानाची सोय किंवा परतावा तिच्याकडेच मागायचा. पीएनआर पुरेसा नाही, हा नंबर सांगा. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बंद कंपनीचा टप्पा तुमच्याच खर्चाने.

प्रश्न : प्रवास विमा भरपाई देतो का?

उत्तर : बऱ्याच पॉलिसींत नाही. 'अपवाद' या भागात दिवाळखोरीचा शब्द शोधा.

प्रश्न : दिल्लीला जायचंच आहे. कर्नाटक एक्स्प्रेसचं तत्काळ कधी उघडतं?

उत्तर : इथे सोलापूरकर हमखास चुकतात. तत्काळचा दिवस गाडी बंगळुरूहून सुटते त्या तारखेवरून धरतात. ती संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी सोलापूरला येते. म्हणजे सोलापुरात १० तारखेला बसायचं तर बुकिंग ८ तारखेला. एसी सकाळी १०ला, स्लीपर ११ला. पहिला अर्धा तास एजंटांना बुकिंग बंद असतं, त्यामुळे आधार पडताळणी केलेलं स्वतःचं खातं आदल्या रात्रीच तपासून ठेवा.